एस्तेन हरवला त्या शनिवारी

दुकानातल्या मुलीने "पिशवी हवी का?" एवढंच विचारलं. सादमानने "नको" म्हणायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. घशातून नुसती खरखर आली. त्याने खाकरून पुन्हा "नको" म्हटलं. मुलीने हसल्यासारखं केलं आणि ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. दूध, अंडी आणि कांद्यांची जाळी छातीशी धरून तो बाहेर आला, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की गुरुवारच्या वर्गानंतर आपण कोणाशी एक शब्दही बोललेलो नाही. आज शनिवार होता. बांगलादेशात, राजशाही शहरातल्या घरी त्याचा आवाज बसायचा तो भावंडांशी भांडून, नाहीतर क्रिकेटच्या सामन्यात ओरडून. न बोलून बसलेला आवाज त्याने आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला.

स्वीडनमधल्या उमेओला येऊन त्याला महिना होऊन गेला होता. पाणी शुद्ध कसं करायचं हे शिकायला तो आला होता. आजोळच्या गावात जमिनीखालच्या पाण्यात विष होतं. लाल रंग फासलेले हातपंप आणि त्यांना हात लावला म्हणून खाल्लेले धपाटे, असं त्याचं लहानपण. इथल्या विद्यापीठाने फी माफ केली तेव्हा आईने सगळ्या गल्लीत मिठाई वाटली होती. अभ्यास त्याला जड नव्हता. थंडीचंही विशेष वाटत नव्हतं, ती अजून यायचीच होती. इथे कोणी त्याच्याशी वाईटही वागत नव्हतं. वागलं असतं तर एका परीने बरं झालं असतं, निदान कोणावर चिडता तरी आलं असतं. दार उघडून धरणारे होते, रस्ता चुकला तर थांबून नकाशा दाखवणारे होते, आणि काम झालं की सगळे आपापल्या वाटेने निघून जाणारे होते.

आलिदहेममधल्या विद्यार्थ्यांच्या इमारतीत त्याची खोली होती. एका लांब बोळात आठ खोल्या आणि सगळ्यांत मिळून एक स्वयंपाकघर. फ्रिजमध्ये प्रत्येकाचा कप्पा, कप्प्यावर नाव. समोरच्या खोलीत हाम्पुस नावाचा उंच, वाकून चालणारा मुलगा राहायचा. तो रोज भेटायचा, रोज "हेय" म्हणायचा आणि शेवयांचं भांडं घेऊन खोलीत जाऊन दार लावायचा. सादमानने पहिल्या आठवड्यात मोठ्या हौसेने तेहारी, म्हणजे मटण घातलेला मसालेभात, केली होती. हलाल मटण शोधायला अर्धं गाव पालथं घातलं, आईला फोनवर तीनदा विचारलं, आणि आठ माणसांना पुरेल एवढा भात रांधून एकेकाचं दार ठोठावलं.

"जेवायला चला. मी आपल्या सगळ्यांसाठी केलंय."

प्रत्येकाने आधी त्याच्याकडे आणि मग घड्याळाकडे पाहिलं. "अरे, किती छान! पण माझं जेवण झालं." "मला आधी कळलं असतं तर..." एकीने तर "आज काही आहे का?" असं घाबरून विचारलं. हाम्पुस वाटी घेऊन आला, वाटीभर तेहारी घेतली, चार वेळा आभार मानले आणि वाटी घेऊन खोलीत गेला. सादमान मोठ्या टेबलाच्या टोकाला बसून एकटा जेवला. पुढचे कित्येक दिवस तो तेच खात होता, आणि शेवटी शेवटी त्या वासाचाच त्याला वीट आला.

आईला मात्र त्याने वेगळंच सांगितलं होतं.

"मग? आवडलं का पोरांना?"

"बोटं चाटून खाल्लं, आम्मा. एरिक तर दोनदा मागून घेऊन गेला."

एरिक नावाचा कोणीच नव्हता. पण एकदा जन्माला आल्यावर त्याला वाढवणं भाग होतं. एरिकला सर्दी व्हायची, एरिकची परीक्षा असायची, एरिक सादमानला सायकल शिकवायचा. आई प्रत्येक फोनला त्याची चौकशी करायची. "त्या पोराला म्हणावं, डोकं पुसत जा नीट. आई जवळ नसली की पोरं अशीच वागतात."

तर त्या शनिवारी, स्वतःच्या आवाजाला दचकून, सादमानने सामान कप्प्यात ठेवलं आणि तो पुन्हा बाहेर पडला. खोलीत बसवेना. बर्चची पानं पिवळीधमक झाली होती. तो तळ्याच्या दिशेने चालत राहिला. तळ्याला वळसा घातला की दुपार संपते, हे त्याला एव्हाना माहीत झालं होतं.

तळ्याच्या टोकाला गाड्या लावायची जागा आहे, तिथे आज जत्रा भरल्यासारखी माणसं होती. सगळ्यांच्या अंगात चमकणारी पिवळी जाकिटं. सादमानला वाटलं, पळायची शर्यत असेल. तो बघत उभा राहिला तर एका टेबलामागून एका बाईने त्याला हाताने बोलावलं.

"आलास? बरं झालं. नाव काय?"

ती दुसऱ्या कोणाला तरी विचारते आहे असं वाटून त्याने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. महिन्याभरात त्याला त्याचं नाव यंत्रांनी विचारलं होतं, कार्यालयांनी विचारलं होतं, पण असं डोळ्यांत बघून, उत्तराची वाट बघत कोणी विचारलं नव्हतं. त्याने नाव सांगितलं. बाईने ते लिहिताना मोठ्याने उच्चारून खात्री करून घेतली, फोन नंबर घेतला आणि एक पिवळं जाकीट त्याच्या हातात दिलं. ते अंगात घातल्यावर त्याने विचारलं, "शर्यत किती लांबीची आहे?"

बाई त्याच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "अरे देवा. शर्यत नाही रे. माणूस हरवलाय."

हरवलेल्या माणसाचं नाव एस्तेन. वय झालेला, गेली दोन वर्षं विसरायला लागलेला. सकाळी बायको अंघोळीला गेली तेवढ्यात तो घरातून निघून गेला होता. कोणीतरी त्याला जंगलाकडे जाताना पाहिलं होतं. या गावात असं झालं की स्वयंसेवकांना निरोप जातात, आणि ज्याला जमेल तो हातातलं काम टाकून येतो.

"तुला नाही जमलं तरी चालेल," बाई म्हणाली. "जाकीट परत दे म्हणजे झालं."

सादमानने जाकिटाची चेन वरपर्यंत ओढली. "येतो मी."

तोरब्योर्न नावाचा दाढीवाला दांडगा माणूस सगळ्यांचा म्होरक्या होता. तो गाडीच्या पायरीवर चढून बोलला. "एक हाताचं अंतर ठेवून आडव्या रांगेत चालायचं. कोणी 'थांबा' म्हणालं की सगळ्यांनी थांबायचं. उभा माणूस शोधू नका. बसलेला, पडलेला, फांद्यांखाली शिरलेला माणूस शोधा. हाक मारली तर तो ओ देईलच असं नाही. त्याला वाटेल, दुसऱ्याच कोणाला बोलावताहेत."

शेवटचं वाक्य सादमानच्या मनात रुतून बसलं.

रांग लागायला लागली तेव्हा त्याच्या डाव्या बाजूच्या म्हाताऱ्या बाईने त्याच्या पायांकडे पाहिलं. आखूड पांढरे केस, लाल लोकरी टोपी, आणि चेहऱ्यावर अशी करडी नजर की सादमानला शाळेतल्या बाई आठवल्या.

"या कापडी बुटांनी तू दलदलीत उतरणार?"

"माझ्याकडे दुसरे नाहीत."

बाई तरातरा आपल्या गाडीकडे गेली आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि जाड मोजे घेऊन आली. "माझ्या मुलाचे आहेत. तो माल्मोला असतो. तिथे दलदल नाही."

सादमान इथली भाषा शिकायच्या वर्गाला जात होता, आणि शब्दकोशात त्याला आदराने बोलण्याचा एक शब्द सापडला होता. वडीलधाऱ्या बाईशी तोच वापरायला हवा, असं वाटून त्याने मोडक्यातोडक्या स्वीडिशमध्ये म्हटलं, "तुमचे फार उपकार झाले. तुमचं नाव काय?"

"तुमचं?" बाईने मागे-पुढे पाहिलं. "मी काय राणी आहे? इथे दोघंतिघं असतील तर 'तुम्ही' म्हणतात. मी एकटीच आहे. मायलिस. आणि 'तू' म्हण. राजवाड्याबाहेर सगळे 'तू'च आहेत."

रांग निघाली. सुरुवातीला कोणी बोलत नव्हतं. बुटांखाली शेवाळ दबायचं आणि पाऊल उचललं की पुन्हा वर यायचं. सादमान प्रत्येक फर झाडाची खालची फांदी उचलून आत डोकवायचा. आत अंधार आणि ओला वास. प्रत्येक वेळी त्याला वाटायचं: आता दिसेल, आता एक हात दिसेल. टोकाकडून "थांबा" अशी आरोळी यायची, ती माणसामाणसातून पुढे जायची, आणि त्याच्यापर्यंत आली की तोही "थांबा" ओरडून ती उजवीकडच्या माणसाला द्यायचा. सकाळी न फुटणारा आवाज आता जंगलात घुमत होता. थोड्या वेळाने त्याला कळलं की आपण त्या आरोळीची वाट बघतो आहोत.

मग मायलिस बोलायला लागली. समोर बसून जी माणसं तोंड उघडत नाहीत ती शेजारी चालताना, नजर जमिनीवर असताना बोलतात, हे सादमानच्या तेव्हा लक्षात आलं.

"एस्तेन पोहायला शिकवायचा," ती म्हणाली. "अर्ध्या गावाला त्यानेच पाण्यात ढकललंय. माझा मुलगा पाण्याला इतका भ्यायचा की अंघोळीला रडायचा. एस्तेनने त्याला एका उन्हाळ्यात मासा केला."

"सापडेल ना तो?"

मायलिसने ओठ गोल करून झटकन श्वास आत ओढला. सादमान जागच्या जागी थबकला. "काय झालं? लागलं का काही?"

"कुठे काय? 'हो' म्हटलं मी."

"हे 'हो' होतं?"

"मग काय होतं?" ती म्हणाली. "तोंड कशाला उघडायचं एवढ्याशा शब्दासाठी? थंडी आत जाते."

सादमान हसला. ग्रंथालयातल्या बाईंना दमा आहे असं तो महिनाभर समजत होता, हे त्याने सांगितलं तेव्हा मायलिसही हसली. पण हसताहसता तिने चालता चालता वाकून एक फांदी उचलली, आत पाहिलं आणि सोडून दिली. काम कोणी विसरलं नव्हतं. पायाखाली लाल लिंगोनची फळं पसरली होती. ती एकेक तोडून तोंडात टाकत होती. "खा. आंबट आहेत. एस्तेनने शोधलं असतं तुला, तर त्यानेही खाल्ली असती."

दुपार कलली तसे ते एका मोकळ्या जागी थांबले. कोणीतरी डुकराच्या मांसाची सॉसेज भाजत होतं. तोरब्योर्नने सादमानपुढे धरलं तेव्हा त्याने नको म्हणून मान हलवली. तोरब्योर्न काही विचारणार तेवढ्यात मायलिसने आपला डबा उघडून अर्धा पाव त्याच्या हातात दिला. पावावर उकडलेलं अंडं आणि नळीतून पिळलेलं, माशांच्या अंड्यांचं गुलाबी, खारट लोणी. सादमानने घास घेतला आणि त्याचे डोळे मिटले गेले. हिलसा माशाच्या गाभोळीची चव सात समुद्रांपलीकडे, रबरी बूट घालून एका ओंडक्यावर बसलेलं असताना मिळेल, असं त्याला कोणी सांगितलं असतं तर त्याने वेड्यात काढलं असतं.

"परदेशी पोरांना हे आवडत नाही," मायलिस म्हणाली.

"आम्ही माशावरच जगतो. आमच्याकडे नदी आहे. पद्मा. पावसाळ्यात पलीकडचा काठ दिसत नाही."

"मग इथे कसं वाटतं तुला?"

सगळे हाच प्रश्न विचारायचे आणि सादमान सगळ्यांना 'छान' म्हणायचा. या वेळी त्याने पाव चावून गिळला. म्हणाला, "सकाळी माझा आवाज गेला होता."

मायलिसने कसा ते विचारलं नाही. थर्मासच्या झाकणात उरलेली कॉफी तिने त्याच्यासमोर सरकवली.

ते पुन्हा उठले. उजवीकडच्या माणसाने एव्हाना सादमानचं नाव पाठ केलं होतं, खड्डा आला की तो ओरडून सांगायचा, "सादमान, जपून!" आता दलदल लागली. एकदा सादमानचा पाय मांडीपर्यंत आत गेला, तेव्हा दोन बाजूंनी दोघांनी त्याला काखेत धरून उपसून काढलं आणि सगळी रांग त्याच्यासाठी थांबली. बूट पाण्याने भरला, पण त्याला थंडी जाणवली नाही. या क्षणी आपण इथून नाहीसे झालो तर रांगेत एक भोक पडेल, असं काहीतरी त्याच्या मनात आलं.

उन्हं उतरायच्या बेताला तोरब्योर्नच्या कमरेचा वायरलेस खरखरला. त्याने हात वर केला. सगळे थांबले.

"सापडला! जिवंत आहे, धडधाकट आहे."

एस्तेन जंगलात गेलाच नव्हता. तळ्याच्या दुसऱ्या बाजूला, जुन्या पोहण्याच्या जागेपाशी कपडे बदलायची खोली आहे. तिच्या मागच्या बाकावर तो सकाळपासून बसून होता. कुत्रं घेऊन फिरायला आलेल्या एका बाईला तो दिसला. मुलांना आज एवढा उशीर का झालाय, असं तो तिला विचारत होता.

रांगेतून एक सुस्कारा गेला. कोणी कोणाच्या पाठीवर थोपटलं, मायलिसने टोपी काढून डोळे पुसले. सादमान उभा होता. त्याला आनंद व्हायला हवा होता. पण आनंदाच्या आधी, अगदी पहिल्यांदा, त्याच्या मनात जे आलं ते असं होतं: इतक्यात संपलं? उद्याचा रविवार तरी शोध चालायला हवा होता.

ते मनात येताच त्याला स्वतःची किळस आली. एक म्हातारा माणूस दिवसभर बाकावर गारठत बसला होता, घरी त्याची बायको जीव मुठीत धरून होती, आणि आपल्याला हवं होतं की त्याने अजून एक रात्र हरवलेलंच राहावं! त्याने कोणाच्याही नजरेला नजर दिली नाही. गाड्यांपाशी पोचल्यावर जाकिटं गोळा झाली. "छान काम झालं." "भेटू." आणि बघता बघता मैदान रिकामं झालं. उजवीकडच्या माणसाने गाडीची काच खाली करून हात केला आणि तोही गेला.

मायलिसने त्याला आलिदहेमपर्यंत सोडलं. तो बूट काढायला लागला तर म्हणाली, "राहू दे. ओल्या मोज्यांनी चालणार का? नंतर दे."

रात्री आईचा फोन आला. "आवाज असा का रे? ओरडलास का कुठे?"

"ओरडलो, आम्मा." त्याने तिला जंगल सांगितलं, एस्तेन सांगितला, माशाचं लोणी सांगितलं. मध्येच तिने काहीतरी विचारलं आणि त्याने नकळत ओठ गोल करून श्वास आत ओढला.

"काय झालं? चटका बसला का?"

"नाही गं, 'हो' म्हटलं."

"हे कसलं 'हो'? नीट बोल. आणि एरिक कुठे होता? तो नाही आला?"

"एरिक इथून गेला, आम्मा. दुसऱ्या गावी."

"अरेरे," आई म्हणाली. "चांगला होता पोरगा."

पुढच्या रविवारी त्याने बूट धुऊन पुसून पिशवीत घातले. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून थोडी तेहारी केली आणि डब्यात भरली. मायलिसचं घर कुठल्या इमारतीत आहे हे तिने गाडीतून दाखवलं होतं. दोन जिने चढून त्याने तिच्या नावाच्या दारावरची घंटा दाबली.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग दार हातभर उघडलं. मायलिसचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाही. मी... बूट घेऊन आलो."

"आज आपलं काही ठरलं होतं का?"

"नाही."

तिने फटीतून हात बाहेर काढला, पिशवी घेतली, डबा घेतला. "हो. बरं. आभारी आहे. छान." आणि दार लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

सादमान जिन्यात उभा राहिला. दिवा आपोआप विझला तेव्हा तो भानावर आला. घरी येताना त्याला स्वतःच्या भाबडेपणाचा इतका राग आला की रस्त्यात तो मोठ्याने स्वतःला शिव्या देत होता. एक दिवस शेजारी चालली, अर्धा पाव दिला, आणि आपण तिला खाला, सख्खी मावशी करून बसलो! त्या आठवड्यात तो वर्गात गेला आणि परत आला, एवढंच. एका संध्याकाळी त्याने परत जाण्याचा विषय आईपाशी काढायचं ठरवलं. वाक्यंही जुळवली. पण आईने फोन उचलताच सांगितलं की शेजारच्या पोराला सादमानसारखं बाहेर शिकायला जायचंय, आणि तो तिला विचारत होता की तिथे कसं असतं. सादमानने जुळवलेली वाक्यं तशीच गिळली.

मग एका दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला.

"मायलिस बोलतेय. तुझा नंबर शोधाच्या यादीतून मागून घेतला. मागता येत नाही खरं तर. बुधवारी दुपारी दोन वाजता कॉफीला येतोस का? दोन ते साडेतीन."

दात काढायची वेळ द्यावी तशी तिने वेळ दिली होती. तरी सादमान गेला. जायचं नाही असं त्याने मंगळवारी रात्रीपर्यंत ठरवलं होतं.

या वेळी दार सताड उघडं होतं. मायलिसने निळा सदरा घातला होता, केस विंचरले होते. टेबलावर दालचिनीचे पाव, कॉफी, आणि कॉफीत टाकून खायचे चीजचे तुकडे. तिने त्याला बसवलं, कॉफी ओतली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "भात फार तिखट होता. मला रडू आलं. तीन दिवस खाल्ला."

"मी पुढच्या वेळी—"

"थांब. मला सांगू दे." तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "त्या दिवशी तू आलास तेव्हा मी झोपायच्या कपड्यांत होते. दुपारी. केसही विंचरले नव्हते. मुलगा येणार असतो तेव्हा महिनाभर आधी कळवतो. न कळवता या दाराची घंटा वाजली होती ती माझा नवरा गेला तेव्हा. इस्पितळात मला न्यायला शेजारीण आली होती. म्हणून मी विचारलं, कोण गेलं. आणि मग मला माझ्या कपड्यांची लाज वाटली. तुला दारातून घालवलं, आणि मग तू खालच्या रस्त्याने जाताना खिडकीतून दिसलास."

सादमानने कप खाली ठेवला. "आमच्याकडे कोणी कळवून आलं तर लोक घाबरतात," तो म्हणाला. "काय झालं असेल म्हणून."

मायलिस हसली नाही. तिने चीजचा तुकडा कॉफीत सोडला आणि चमच्याने फिरवत राहिली. "मी अशा शोधांना सहा वर्षं जातेय. सगळे म्हणतात, मायलिस किती चांगली, पहिली हजर असते. माणूस सापडावा म्हणून जाते, खोटं नाही. पण सापडला ना, की सगळे आपापल्या गाडीकडे पळतात, आणि मला वाटतं..." तिने वाक्य तिथेच सोडलं.

सादमानने तिच्याकडे पाहिलं. इतके दिवस छातीत दडवून ठेवलेली घाण दुसऱ्या कोणाच्या घरात, स्वच्छ टेबलावर अशी मांडलेली पाहून तो खुर्चीत पुढे सरकला. त्याने ओठ गोल करून श्वास आत ओढला, आणि मायलिसने मान हलवली.

मग ते इतर गोष्टींवर बोलले. एस्तेनच्या घराच्या दाराला आता घंटी बांधली आहे, हे तिने सांगितलं. सादमानने हातपंपांचं सांगितलं. तिने विचारलं, पाण्यातलं विष चवीला कळतं का? कळत नाही, तो म्हणाला, तेच तर वाईट आहे. साडेतीन वाजले तशी ती उठली आणि बशा गोळा करायला लागली. पाव अजून उरले होते, बोलणंही अर्धवट होतं, पण वेळ संपली होती. सादमानला थोडं लागलं. तरी त्याने कोट चढवला.

ती कोट घालून त्याच्याबरोबर खाली आली. बसचा थांबा समोरच होता. दोघं तिथे उभी राहिली. बाहेर उन्हं तिरपी झाली होती.

"पुढच्या बुधवारी," ती म्हणाली. "त्याच वेळी."

"आणि मध्येच एखाद्या दिवशी, न कळवता आलो तर?"

मायलिसने खरोखर विचार केला. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "तासभर आधी फोन कर," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "अर्धा तास. तेवढ्यात मी कपडे बदलीन."

बस आली. सादमान मागे जाऊन खिडकीशी बसला. काचेतून त्याने हात केला. ती आधीच वळून दाराशी किल्ली शोधत होती. पुढच्या थांब्यावर कामावरून सुटलेली पुष्कळ माणसं चढली. त्यांतली काही दांडीला धरून उभी राहिली. सादमानच्या शेजारची जागा रिकामीच होती. त्याने मांडीवरची पिशवी सावरली, आणखी थोडा खिडकीकडे सरकला, आणि पुढच्या बुधवारपर्यंतचे दिवस मोजायला लागला. आज बुधवार होता. उद्या गुरुवार.